प्रश्न तुमचे : मालीशचे काम आणि मनाचे समाधान

या महिन्यात बडोद्याहून आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रे एकाच व्यवसायाविषयी आहेत. एक त्या व्यवसायात येऊ पाहणाऱ्या नोकरदार स्त्रीचे, दुसरे एका तरुणाचे आणि तिसरे बरीच वर्षे काम करून थकलेल्या बाईंचे. तिघांचाही खरा प्रश्न समाधानाचा असल्यामुळे यावेळी इतर पत्रे बाजूला ठेवून या तिघांनाच उत्तरे देत आहे.

प्रश्न : माझे वय ४१ असून मी मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात हिशेबाचे काम करते. सासूबाईंना अर्धांगवायूचा झटका आला तेव्हा फिजिओथेरपिस्टनी दाखवून दिल्याप्रमाणे मी रोज त्यांच्या हातापायांना मालीश करत असे. त्या काळात जे समाधान मिळाले ते इतक्या वर्षांच्या नोकरीत कधी मिळाले नाही. सासूबाई गेल्या वर्षी गेल्या. आता रीतसर शिकून हाच व्यवसाय करावा असे मनाने घेतले आहे. पण घरात ‘बी.कॉम. होऊन मालीशवाली होणार का?’ असा सूर आहे, आणि स्पाच्या नावाखाली चालणाऱ्या प्रकारांच्या बातम्या वाचून यजमान धास्तावले आहेत. मला लाभलेले समाधान व्यवसायात टिकेल का?
— एक वाचक, दांडिया बाजार

उत्तर : ताई, तुमच्या त्या समाधानात दोन गोष्टी एकमेकींत मिसळलेल्या आहेत आणि त्या आधी निवडून वेगळ्या कराव्या लागतील. एक म्हणजे सासूबाईंविषयीची माया, आणि दुसरी म्हणजे आपल्या हातांना काहीतरी समजू लागले आहे याचा आनंद. पहिली गोष्ट व्यवसायात मिळणार नाही, आणि मिळावी अशी अपेक्षाही धरू नये. समोर झोपलेले माणूस अनोळखी असेल, कदाचित तुसडे असेल, तासभर मोबाइलकडेच पाहत राहील आणि जाताना ‘बरं वाटलं’ एवढेही म्हणणार नाही. मे महिन्यातल्या दुपारी, दिवसातल्या चौथ्या माणसाच्या पाठीवर हात ठेवताना तुम्हाला कुतूहल वाटत असेल तर हा व्यवसाय तुमचा आहे. ते वाटत नसेल तर तुम्ही उत्तम सून होतात, एवढेच त्यावरून सिद्ध होते, आणि तेही काही कमी नाही.

‘लोकांची सेवा करायची आहे’ असे सांगत या कामात येणारी माणसे मी बरीच पाहिली आहेत आणि त्यांच्यापैकी अनेकजण लवकर कोमेजतात असे माझे मत झाले आहे, कारण त्यांचे समाधान समोरच्याच्या कृतज्ञतेवर अवलंबून असते. जी टिकतात त्यांचे समाधान कारागिराचे असते. मान आणि खांदा यांच्यामध्ये जो जाड स्नायू असतो, तो दिवसभर संगणकापुढे बसणाऱ्या माणसात बहुधा ताणलेला आढळतो. नवशिका त्यावर अंगठा रोवून जोर करतो, आणि स्नायू प्रतिकार म्हणून अधिकच आवळतो. सरावलेला हात आधी नुसता टेकतो, तळव्याची ऊब पोहोचू देतो, माणसाचा श्वास पोटापर्यंत उतरण्याची वाट पाहतो, आणि स्नायू आपणहून सैल झाल्यावर मगच आत जातो. नेमका कोणत्या क्षणी तो सैल होतो हे बोटांना कळू लागले की या कामाची गोडी लागते. मग समोरच्याने कौतुक केले नाही तरी फारसे बिघडत नाही. यात गूढ काही नाही. आपल्या केसाळ त्वचेत हळुवार स्पर्शासाठी वेगळे मज्जातंतू असतात आणि हात सेकंदाला साधारण १ ते १० सेंटिमीटर अशा संथ गतीने फिरला तर ते सर्वांत चांगला प्रतिसाद देतात. म्हणूनच अनुभवी माणसाचा हात घाईचा नसतो.

आता घरच्यांचा सूर. स्पाविषयीची धास्ती निराधार नाही, पण नवीनही नाही. इंग्लंडमध्ये १८९४ साली मालीशच्या नावाखाली चालणाऱ्या गैरप्रकारांवर ब्रिटिश मेडिकल जर्नलने झोड उठवली, तेव्हा हे काम प्रामाणिकपणे करणाऱ्या चार स्त्रियांनी ते सोडून देण्याऐवजी प्रशिक्षित मालीशकर्त्या स्त्रियांची संस्था काढली, परीक्षा सुरू केल्या आणि डॉक्टरांच्या सांगण्याखेरीज पुरुषांना मालीश करायची नाही, जाहिरातबाजी करायची नाही, असे कडक नियम स्वतःवर घालून घेतले. त्याच संस्थेला १९२० मध्ये राजसनद मिळाली आणि आज ती ब्रिटनमधील फिजिओथेरपिस्टांची अधिकृत संस्था आहे. यजमानांना ही हकीकत जरूर सांगा. आणि सासरी जुन्या बडोद्याचा अभिमान असेल तर हेही सांगा, की तुमच्याच गावात जुम्मादादा व्यायाम मंदिराच्या प्रा. माणिकरावांनी हाडे बसवण्याच्या विद्येमुळे जो मान मिळवला तो हातांच्याच जोरावर मिळवला होता. आखाड्यातला वस्ताद मालीश करतो तेव्हा ती विद्या ठरते आणि शिकलेली बाई करू लागली की तो कमीपणा ठरतो. हा हिशेब तुमच्या घरात कोणी तरी मांडून दाखवायला हवा, आणि हिशेब तर तुमचाच प्रांत आहे.

शिक्षणाविषयी मात्र घाई नको. पंधरा दिवसांत प्रमाणपत्र देणाऱ्या वर्गांची हल्ली चलती आहे. तिकडे फिरकू नका. सौंदर्य व आरोग्यसेवा क्षेत्राच्या कौशल्य परिषदेचा स्पा थेरपिस्टचा अभ्यासक्रम आहे आणि आयुर्वेदाच्या बाजूने पंचकर्म सहायकाचे प्रशिक्षण मिळते. पाणीगेटच्या शासकीय आयुर्वेद रुग्णालयात पंचकर्म कसे चालते ते आधी पाहून या. कोणत्याही वर्गाला दोन गोष्टी विचारा. शरीररचना किती तास शिकवता, आणि शिक्षकाच्या देखरेखीखाली प्रत्यक्ष किती माणसांवर काम करायला मिळते? उत्तर देताना ते चाचरले तर फी भरू नका. फिजिओथेरपी ही मात्र वेगळी वाट आहे. तिला बारावी विज्ञान करून फिजिओथेरपीची पदवी घ्यावी लागते, आणि ती नसताना ‘मी फिजिओथेरपी करते’ असे चुकूनही म्हणू नये.

चांगल्या शिक्षणाचा एक मोठा भाग म्हणजे मालीश केव्हा करायची नाही हे शिकणे. आयुर्वेदाचा जुना ग्रंथकार वाग्भट यानेही अभ्यंग, म्हणजे अंगाला तेल चोळणे, रोज करावा असे सांगताना अजीर्ण झालेल्याला आणि कफाने ग्रासलेल्याला तो वर्ज्य ठरवला आहे. आजच्या भाषेत सांगायचे तर ताप, त्वचेचा संसर्ग, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया, हाड मोडल्याची शंका या सर्व ठिकाणी हात आवरायचा. विशेषतः एकाच पायाची पोटरी सुजून दुखत असेल आणि हाताला गरम लागत असेल, तर शिरेत रक्ताची गुठळी असू शकते. ती चोळल्याने सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेतते. अशा माणसाला तेलाची बाटली न उघडता डॉक्टरांकडे पाठवणे हेही कामच आहे. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू आहेत का, मधुमेहाने पायांची संवेदना कमी झाली आहे का, हे विचारल्याशिवाय सुरुवात करायची नाही.

नोकरी लगेच सोडू नका. आठवड्यातून एक दिवस, फक्त स्त्रियांसाठी, ठरावीक वेळेत आणि ठरावीक शुल्क घेऊन काम सुरू करा. शुल्क नातेवाइकांकडूनही घ्या. फुकट केलेल्या मालीशमधून तुम्हाला तुमची आवड कळेल, पण व्यवसाय झेपेल की नाही ते कळणार नाही. यजमानांची धास्ती पहिल्या काही महिन्यांच्या नोंदवहीने जितकी कमी होईल तितकी माझ्या उत्तराने होणार नाही.

प्रश्न : मी २३ वर्षांचा असून लहानपणापासून आखाड्यात जातो. खेळाडूंना मालीश करण्याची आवड आहे. स्पर्धेआधी मुले माझ्याकडेच येतात. आई-बाबा म्हणतात, फिजिओथेरपीची पदवी घे. मला पुस्तकी अभ्यासाचा कंटाळा आहे. नुसत्या हाताच्या कौशल्यावर चांगले करिअर होईल का?
— एक तरुण वाचक, रावपुरा

उत्तर : होईल, पण ‘नुसत्या’ हा शब्द सोडावा लागेल. मांडीच्या मागचा स्नायू कुठून निघतो आणि कुठे जाऊन बसतो हे माहीत नसेल तर तू स्नायू चोळतोस की त्याला हाडाशी जोडणारा कंडरा, हे तुलाच कळणार नाही. आणि दुखऱ्या कंडऱ्यावर जोर दिलास तर उद्याच्या सामन्याला मुलगा लंगडत जाईल. आखाड्यात ऐकलेल्या काही गोष्टीही तपासून घ्याव्या लागतील. मालीशमुळे स्नायूंतले लॅक्टिक आम्ल निघून जाते असे सर्रास सांगितले जाते. प्रत्यक्षात ते व्यायामानंतर साधारण तासाभरात शरीर स्वतःच निपटून टाकते आणि दुसऱ्या दिवशीच्या अंगदुखीचे कारण ते नसतेच. मालीशने दुखणे काहीसे कमी जाणवते, ताण उतरतो, झोप चांगली लागते. एवढे खरे सांगितलेस तरी खेळाडू येतीलच.

बारावी विज्ञान झाली असेल तर आई-बाबांचे ऐकावे असे मला वाटते. सयाजी रुग्णालयाच्या फिजिओथेरपी महाविद्यालयात जाऊन तिथल्या विद्यार्थ्यांशी बोल. पुस्तकातले हाड प्रत्यक्ष हाताखाली सापडले की कंटाळा बराच पळतो. विज्ञान झाले नसेल तर एखाद्या फिजिओथेरपिस्टच्या हाताखाली राहून मालीशपुरते काम पक्के शीक आणि दुखापतीचे निदान त्याच्यावर सोड. आणखी एक. या कामातला माणूस मैदानाच्या कडेला उभा असतो. पदक दुसऱ्याच्या गळ्यात पडते. ते पाहताना मनात कुठे तरी खुपत असेल तर तुला अजून स्वतः खेळायचे आहे, आणि त्याचा विचार आधी कर.

प्रश्न : मी बाळ-बाळंतिणींना तेल लावून न्हाऊ घालण्याचे काम पुष्कळ वर्षे करते. वाघोडिया रोडवरच्या मराठी आणि गुजराती दोन्ही घरांत माझी कामे असतात. पूर्वी बाळ माझ्या पायांवर झोपून गेले की फार आनंद व्हायचा. आता अंगठे ठणकतात, कंबर धरते आणि मन लागत नाही. पैशांचे बोलणे निघाले की ‘तुम्ही घरच्याच आहात’ म्हणतात. हे काम सोडावे का?
— एक वाचक, बडोदे

उत्तर : बाई, तुमचे मन उडालेले नाही, तुमचे अंगठे दुखत आहेत. दुखऱ्या हाताने कोणाचेच मन कामात लागत नाही, तेव्हा आधी हाताचा विचार करू. अंगठ्याच्या मुळाशी जो सांधा असतो तो मालीश करणाऱ्यांचा सर्वांत आधी झिजतो. तो एकदा हाडांच्या डॉक्टरांना दाखवून घ्या. तोवर अंगठा दाबायला वापरायचाच नाही. तळव्याची टाच, मुठीचा सपाट भाग आणि कोपरापुढचा हात यांनी दाब द्यायचा, आणि तो दंडाच्या जोरावर न देता शरीर पुढे झुकवून वजनाने द्यायचा. बाळंतिणीला जमिनीवरच्या सतरंजीवर न झोपवता दिवाणावर घ्यायला सांगा. तुम्ही सरळ उभ्या राहून हात सोडलेत की बोटांची पेरे जिथे टेकतील तितकी उंची तुम्हाला बरी. दिवाण त्याहून बुटका असतो, त्यामुळे एक गुडघा त्यावर टेकवा म्हणजे कंबर वाचेल. बाळाला पाटावर बसून पायांवर घेता तेव्हा पाठ भिंतीला टेकलेली असू द्या.

तुमच्या कामाची किंमत तुम्हाला तरी पूर्ण ठाऊक आहे का, असे पत्र वाचताना वाटले. अमेरिकेत १९८६ साली टिफनी फील्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अपुऱ्या दिवसांच्या बाळांना दिवसातून तीन वेळा, पंधरा-पंधरा मिनिटे, दहा दिवस मालीश करून पाहिली. ती न मिळालेल्या बाळांपेक्षा या बाळांचे वजन रोज ४७ टक्के अधिक वाढले. तुमच्या आजीला हे आकडे माहीत नसतील, पण हात माहीत होता. त्याचबरोबर जुन्या रीतीतल्या दोन गोष्टी आता सोडा : बाळाच्या नाकाकानांत तेल घालू नका, आणि डोके गोल व्हावे म्हणून टाळूवर दाब देऊ नका.

पैशांचे असे आहे, की सव्वा महिन्याचे काम पहिल्याच दिवशी ठरवून घ्यावे, निम्मी रक्कम आगाऊ घ्यावी आणि बारशाला मिळणारी साडी त्यात धरू नये. कोणी ‘घरच्याच आहात’ म्हणाले तर हसून म्हणावे, ‘म्हणूनच तर आधी सांगते, मागाहून वाईटपणा नको.’ दोन-चार घरे त्यामुळे सुटतील. सुटू द्या, कारण तुमच्या अंगठ्यांना नेमकी तेवढीच विश्रांती हवी आहे. सकाळी किती घरे घेता ते पत्रात लिहिलेले नाही, पण बाळ आणि बाळंतीण मिळून तीन घरांच्या वर घेऊ नयेत असे मी सुचवेन, आणि शेवटच्या घरानंतर कोमट पाण्यात हात बुडवून बोटे सावकाश उघडमीट करावीत. डॉक्टरांनी काय सांगितले ते कळवलेत तर पट्टा कोणता बांधायचा याविषयी पुढच्या अंकात लिहीन.