एंटर दाबण्याआधी

प्रिय मित्रा,

काल रात्री तू सिस्कोच्या नेटवर्क स्विचवर काम करत होतास तेव्हा मी शेजारीच बसलो होतो. एका पोर्टचं कॉन्फिग, म्हणजे सेटिंग हवं होतं, तर तू सगळं चालू कॉन्फिग दाखवणारं 'शो रन' देऊन स्पेसबार दाबत राहिलास. 48 पोर्टच्या स्विचवर हे किती वेळ चालणार? 'शो रन इंटरफेस' आणि पुढे पोर्टचं नाव, एवढ्यात काम होतं.

कमांड पाठ करत बसू नकोस. 'शो' लिहून जागा सोडून प्रश्नचिन्ह दे, पुढे काय चालतं ते स्विचच सांगतो. अक्षराला चिकटून प्रश्नचिन्ह दिलंस तर त्या अक्षरापासून सुरू होणारे शब्द येतात. अर्धा शब्द लिहिला की टॅब. 'अ‍ॅम्बिग्युअस कमांड' आलं तर घाबरू नकोस, आणखी एखादं अक्षर हवं आहे इतकंच. कॉन्फिग मोडमधून शो कमांड द्यायला बाहेर पडायची गरज नाही, आधी 'डू' लाव.

शो कमांडपुढे उभ्या रेघेनंतर (|) येणारं 'इन्क्लूड' मात्र नीट शिकून घे. ते जुळणाऱ्या ओळीच दाखवतं, त्यामुळे 'अ‍ॅक्सेस व्हीलॅन 30' (व्हीलॅन म्हणजे स्विचवरचं वेगळं आभासी नेटवर्क) शोधलंस तर ओळी दिसतात, पण पोर्ट कोणता ते कळत नाही. म्हणून 'इंटरफेस' आणि 'अ‍ॅक्सेस व्हीलॅन 30' हे दोन्ही एकत्र शोध, मध्ये पुन्हा उभी रेघ, आजूबाजूला जागा न सोडता. इंग्रजी अक्षरंही कॉन्फिगमध्ये जशी लहान-मोठी आहेत तशीच लिही, नाहीतर ओळ जुळत नाही.

आता ट्रंकबद्दल, म्हणजे अनेक व्हीलॅन वाहून नेणाऱ्या दोन स्विचमधल्या जोडणीबद्दल, कारण पत्र खरं त्यासाठीच लिहितोय. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मी दूरच्या इमारतीतल्या स्विचच्या ट्रंकवर नवा व्हीलॅन जोडायला गेलो. 'स्विचपोर्ट ट्रंक अलाउड व्हीलॅन' लिहून थेट 30 लिहिलं, मधला 'अ‍ॅड' राहिला. 'अ‍ॅड' नसेल तर यादीत भर पडत नाही, जुनी यादी जाऊन नवी बसते. बाकीचे सगळे व्हीलॅन त्या ट्रंकवरून काढले गेले, त्यात स्विचवर दुरून लॉगिन करायचा मॅनेजमेंटचाही. माझं सेशन तिथेच गोठलं आणि त्या इमारतीतली माणसं कामावाचून बसली. स्विचला थेट जोडायची कन्सोल केबल घेऊन धावत गेलो. तो अर्धा तास मी विसरलेलो नाही.

दूरच्या स्विचला हात लावण्याआधी चालू कॉन्फिग सेव्ह कर आणि 'रीलोड इन 10' दे. मग बदल कर. संपर्क तुटला तर दहा मिनिटांनी स्विच आपोआप रीस्टार्ट होऊन सेव्ह केलेल्या जुन्या कॉन्फिगवर उठतो. सगळं ठीक असेल तर 'रीलोड कॅन्सल', आणि 'शो इंटरफेसेस ट्रंक' पाहिल्यावरच 'कॉपी रन स्टार्ट'. मधे सेव्ह केलंस तर सगळंच वाया. रीलोडमध्ये पूर्ण स्विच काही मिनिटं बंद राहतो, त्यामुळे हे भर कामाच्या वेळी करायचं नाही.

शनिवारी रात्री व्हीलॅन 40 जोडायचा आहे. कमांड तू लिही, एंटर दाबण्याआधी मला वाचून दाखव. कन्सोल केबल मी आणतो.

तुझा,
दादा