सोलापूरहून लेहपर्यंत कॅम्परनं जायचंय, गाडीत नेटसाठी सिग्नल बूस्टर बसवावा का?

तुमचा प्रश्न असा आहे की दीड महिना कॅम्पर घेऊन सोलापूरहून लेहपर्यंत जायचंय, रोज दुपारी दोन तास ऑफिसची व्हिडिओ मीटिंग असते, तर डोंगल घ्यावं, राउटर घ्यावा की टपावर बसवायचा बूस्टर घ्यावा. खरं सांगू का, बूस्टर हा शब्द दिसला आणि मी हातातलं काम सोडून टायपायला बसलो.

बूस्टर घेऊ नका.

का ते सांगतो, जरा लांबेल. मी सोलापुरात जीएसटी रिटर्नची कामं करतो. टॉवेल-चादरीचे छोटे कारखानदार, दोन-चार किराणावाले, एक शेंगाचटणीवाला, अशा पार्ट्या आहेत. दोन वर्षांपूर्वी डिसेंबरात माझ्या थोरल्या साडूंनी टेम्पो ट्रॅव्हलर कॅम्पर करून घेतली, आत बेड, ओटा, पाण्याची टाकी, आरटीओचं पासिंग, सगळं रीतसर, त्यात नाव ठेवायला जागा नाही. आणि टपावर बूस्टर. किंमत अठरा हजार. दोन्ही कुटुंबं कोकणात जायची ठरली आणि मी एकच म्हणलं की वीस तारीख मधी येते, थ्री-बीची, म्हणजे जीएसटीच्या दर महिन्याच्या रिटर्नची शेवटची तारीख, चौदा पार्ट्यांचं रिटर्न भरायचं असतं, तर एकवीसला निघू. तर साडूभाऊ म्हणतात, "पाव्हणं, नेटवर्कची काळजी तुम्ही करायची नाही. समुद्रात पाय सोडून रिटर्न भरा." बायकोपण हसली. झालं, अठराला निघालो.

मंगळवेढा, सांगोला, मिरज, कोल्हापूरपर्यंत काहीच अडचण नाही, हायवेला कुठल्याही फोनला रेंज असते, त्यात बूस्टरचं कर्तृत्व काय? पण साडूभाऊ दर तासाला आरशातून माझ्याकडं बघायचे, "येतंय का नेट?" येतंय म्हणलं. आंबा घाटात गेलं ते गेलंच, तिथं सगळ्यांचंच जातं म्हणाले. बरं. वीस तारखेला आम्ही रत्नागिरीच्या वरच्या अंगाला एका छोट्या किनाऱ्यावर सुरूच्या बनाकडंला गाडी लावली. पाठीमागं कडा, वर जांभ्याचा सडा, समोर समुद्र. जागा अशी की फोटो काढून काढून पोरं दमली. मी दुपारी चारला लॅपटॉप उघडला. फोनवर पाच काड्या, फुल. जीएसटी पोर्टलचं पान मात्र उघडेना. उघडलं तर लॉगिन होईना, लॉगिन झालं तर ओटीपीपर्यंत पोचायच्या आधी बाहेर फेकायचं. वीस तारखेला पोर्टल तसंही रडतंच, म्हणून पहिला तासभर मी पोर्टललाच शिव्या घातल्या. मग आमच्या मेव्हणीनं तिच्या फोनवर व्हॉट्सॲप बघितलं तर तेपण फिरत बसलेलं. पाच काड्या आणि साधा गुड इव्हिनिंगचा फुलांचा फोटो उतरत नाही!

साडूभाऊ टपावर चढले. अँटेना इकडं फिरव, तिकडं फिरव. "आता बघा." काड्या होत्या तेवढ्याच, नेट नाही ते नाहीच. सात वाजले, अंधार पडला. मी म्हणलं, तो डबा एकदा बंद तर करून बघू. ते म्हणाले, "पाव्हणं, तुम्ही आकडे बघा, मशीनचं मी बघतो." ते वाक्य मी अजून विसरलेलो नाही.

शेवटी आठ वाजता मी लॅपटॉप, दोन फोन आणि बॅटरी घेऊन पायवाटेनं सड्यावर चढलो. एका काजूच्या बागेच्या दगडी गडग्यावर बसलो, डास असे की विचारू नका. तिथं काड्या दोनच होत्या पण नेट चालू. एकेका पार्टीला फोन लावायचा, ओटीपी गेलाय बघा म्हणायचं, ते म्हणणार थांबा चष्मा घेतो, तोपर्यंत ओटीपीची मुदत संपायची, परत मागवायचा. बारापर्यंत नऊ झाले. पाच राहिले. ते एकवीसला सकाळी भरले.

लेट फी दिवसाला पन्नास रुपये एका रिटर्नला, म्हणजे पाचाचे अडीचशे. ते मी माझ्या खिशातनं भरणार हे उघड होतं. तर सकाळी चहा पिताना साडूभाऊनी शंभराच्या तीन नोटा काढून माझ्या लॅपटॉपवर ठेवल्या. "घ्या. वरचे पन्नास ठेवा तुम्हाला." सगळ्यांसमोर. पैसे मी घेतले नाहीत. पण जीएसटी चालू झाल्यापासून माझं एकपण रिटर्न लेट नव्हतं, हे त्या माणसाला कसं सांगणार? तेव्हापासून लग्नकार्यात कुठं भेटले की "काय अडीचशे" म्हणून हाक मारतात.

आता तुमच्या कामाचं. परत आल्यावर आमच्या गल्लीतल्या एका पोराला विचारलं, तो टॉवरच्या मेंटेनन्सला आहे, मोहोळपासून टेंभुर्णीकडचे टॉवर बघतो. त्यानं हसून सांगितलं ते असं. बूस्टरला दोन अँटेना असतात, एक बाहेर टॉवरकडनं घेणारा आणि एक आत तुम्हाला देणारा. दोघांत भरपूर अंतर नाहीतर आडोसा पाहिजे. ट्रॅव्हलरसारख्या गाडीत ते जेमतेम दोन-तीन मीटरवर येतात, मग आतला अँटेना जे फेकतो ते बाहेरचा परत ऐकतो, ते परत आत, परत बाहेर. कीर्तनात माइक स्पीकरसमोर धरल्यावर जी शिट्टी वाजते ना, सेम तेच, फक्त कानाला ऐकू येत नाही. फोनला वाटतं काय जोरदार सिग्नल आहे, काड्या फुल, आणि आत नुसता गोंगाट. बरं ही शिट्टी टॉवरपर्यंत जाऊन गावातल्या बाकीच्या लोकांचंपण नेट बिघडवते. म्हणूनच आपल्याकडं परवानगी नसताना असा बूस्टर बसवणं बेकायदेशीर आहे, ऑनलाइन सर्रास मिळतो म्हणून कायदेशीर होत नाही. हे साडूभाऊंना मी दोनदा सांगितलं. "सगळेच वापरतात," म्हणाले.

आणि काड्यांवर विश्वास ठेवू नका, काड्या प्रत्येक कंपनी आपापल्या मनानं दाखवते. फोनमध्ये *#*#४६३६#*#* दाबलं तर बऱ्याच अँड्रॉइडमध्ये खरा आकडा दिसतो, डीबीएममध्ये, म्हणजे सिग्नलची ताकद मोजायच्या मापात. तो उणे असतो, शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. उणे ९० असेल तर मीटिंग बिनधास्त, उणे ११० ला रडतखडत, उणे १२० ला गाडी काढा तिथनं. दर दहाला दहापट फरक पडतो हे लक्षात घ्या. मी आमच्या त्या पत्र्याच्या डब्यात बसून बघितलं तर उणे ११६, तोच फोन बाहेर काढून टपाच्या वर धरला तर उणे १०२. चौदाचा फरक म्हणजे पंचवीसपट. पत्रा सिग्नल खातो, दुसरं काही नाही. त्याला औषध बूस्टर नाही, बाहेरच्या अँटेनाची वायर सरळ राउटरला जोडायची. हवेतनं परत फेकायची भानगडच नाही, त्यामुळं शिट्टी नाही. सिमचा राउटर घ्या ज्याला मागं अँटेनाची दोन भोकं आहेत, दोन्हीला अँटेना लावा, एकच लावून पैसे वाचवू नका, फोर-जी दोन्ही वापरतं. वायर जाड आणि होईल तेवढी आखूड, बारीक लांब वायर असली की टपावर जे कमावलं ते खाली येईपर्यंत संपतं. राउटर बऱ्याचदा बारा व्होल्टचाच असतो, इन्व्हर्टर लावून बॅटरी फुकट जाळू नका, पण गाडी चालू असताना बॅटरी लाइन चौदा व्होल्टच्या वर जाते म्हणून मधी बारा व्होल्टचा छोटा कन्व्हर्टर टाका.

फोनच्या हॉटस्पॉटवरपण काम चालतं, एकट्याचं असेल तर. फक्त डॅशबोर्डवर ठेवू नका. आपल्या सोलापूरच्या मे महिन्यात तर फोन पंधरा मिनिटांत "गरम झालोय" म्हणून बसून जातो.

फाइव्ह-जीच्या मागं लागू नका. आपल्याकडचं फाइव्ह-जी बहुतेक करून ३३०० मेगाहर्ट्झच्या वरच्या पट्ट्यात चालतं, ते जवळचं आणि शहरातलं काम. लांबवर पोचतं ते ७००, ८५०, ९०० वालं. आणि अनलिमिटेड फाइव्ह-जीचा रिचार्ज मारून तुम्ही खुशीत असाल, पण फोर-जीच्या भागात गेलात की रोजचा कोटा कापला जातो, व्हिडिओ मीटिंगला तासाला एक जीबीच्या आसपास धरा, दोन जीबीचा प्लॅन मीटिंग संपेपर्यंत संपला, पुढं ६४ केबीपीएस. त्या स्पीडला ऑफिसात फक्त तुमचा फोटो दिसणार. कॅमेरा बंद ठेवायची परवानगी आत्ताच साहेबांकडून घेऊन ठेवा, हा सगळ्यात स्वस्त उपाय.

सिम दोन कंपन्यांची पाहिजेत, हे तर सांगायलाच नको. साडूभाऊंच्या घरात पाच माणसं, सहा सिम, सगळी एकाच कंपनीची, का तर फॅमिली प्लॅन!

रेंज आहे पण नेट नाही, याचं दुसरं कारणपण ऐका, हे मी त्या कोकणच्या ट्रिपआधीच शिकलो होतो. आमची आई दरवर्षी दिंडीला जाते. लोक कॅम्पर कॅम्पर करतात, आमच्याकडं दिंडीचा ट्रक पिढ्यान् पिढ्या तेच करतोय, वर ताडपत्री, आत गाद्या, भांडी, गॅस, मागं पाण्याचा टँकर. तर एका वर्षी तिला भेटायला वाखरीला गेलतो, सगळ्या पालख्या तिथं एकत्र येतात, लाखो माणसं. फोन फुल, उणे ७५ वगैरे असेल, पण एक मेसेज जाईना. टॉवर जवळच होता, पण त्या टॉवरवर सगळा महाराष्ट्र बसलेला. ट्रकमधल्या एका मावशीच्या बटणाच्या फोनवरनं मात्र साधा कॉल लागला. मी गाडी काढून गर्दीपासून आठ-दहा किलोमीटर लांब गेलो, तिथं दोन काड्यांवर सगळं सुरळीत. तेव्हा पर्यटनाच्या जागी, संध्याकाळी सात ते दहा, जिथं सगळे रील बघत बसलेत तिथं कुठलाही डबा कामाचा नाही. जागा बदला. तुमची मीटिंग दुपारी आहे हे तुमचं नशीब.

माझं आता ठरलंय. मुक्कामाची जागा उजेडात गाठायची, इंजिन बंद करायच्या आधी दोन्ही सिमचा आकडा बघायचा, मागं डोंगर आहे का बघायचं, मग बायकोला खुर्च्या काढू द्यायच्या. आधी गाडी नेटवर्कला लावायची, समुद्र काय पळून जात नाही. कंपन्यांच्या वेबसाईटवर कव्हरेजचे नकाशे असतात ते निघायच्या आधी बघून घ्या, पण नकाशात गाव हिरवं असलं तरी गावाखालची घळ हिरवी असतेच असं नाही.

अरे हो, तुम्ही लेहला जाताय, हे आधीच सांगायला पाहिजे होतं. आपल्याकडचं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीर आणि लडाखमध्ये चालत नाही. पोस्टपेड चालतं. निघायच्या आधी निदान एक सिम पोस्टपेड करून घ्या, दोन्ही केली तर उत्तम, नाहीतर राउटर, अँटेना, कन्व्हर्टर सगळं आणून तिथं नुसता शोभेला. आणि मनालीकडनं जाणार असाल तर वाटेतलं जिस्पा गाव सोडल्यावर बराच पल्ला नेट मिळेल असं धरूच नका, ते दोन दिवस सरळ रजा टाका. ऑफलाइन नकाशे उतरवून ठेवा. मी स्वतः लेहला गेलेलो नाही, हे आमच्या एका पार्टीचा ट्रक त्या बाजूला असतो त्याच्याकडनं. कुठल्या कंपनीचं पोस्टपेड घ्यावं ते तिकडं जाऊन आलेल्यांना विचारा.

एक शेवटचं. मागच्या आठवड्यात बायकोकडनं कळलं की साडूभाऊनी तो बूस्टर विकायला काढलाय, ऑनलाइन. "कंडिशन एकदम नवी, फक्त एका ट्रिपला वापरलेला", लोकेशन सोलापूर, बारा हजार. दिसला तर घेऊ नका.