थाओ भाषेचे ध्वनी : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : तैवानमधील ‘थाओ’ या भाषेचे नाव आपल्या ‘थ’ने उच्चारायचे का?

उत्तर : सोयीसाठी उच्चारावे, पण मूळ ध्वनी तो नव्हे. आपल्या ‘थ’मध्ये हवा जिभेपाशी क्षणभर अडते आणि श्वासासह सुटते, थाओमधील ध्वनीत ती अडतच नाही, दातांच्या फटीतून घासत बाहेर पडते. इंग्रजी ‘थिंक’ आपण आपल्या ‘थ’वर भागवतो, तसाच हा प्रकार. मँडरिनमध्येही हा ध्वनी नाही, म्हणून तिथे या लोकांचे नाव ‘शाओ’ झाले. मूळ शब्दाचा अर्थ ‘माणूस’ एवढाच आहे.

प्रश्न : एका सरोवराकाठच्या मूठभर लोकांच्या उच्चारांना अभ्यासक एवढे महत्त्व का देतात?

उत्तर : नान्तोऊ जिल्ह्यातील सन-मून सरोवराकाठी टिकलेल्या या भाषेत एक जुना भेद जिवंत आहे. ‘डोळा’ या अर्थी फिलिपिन्समधील टागालोग भाषेत ‘माता’ आणि ‘सात’साठी ‘पितो’ म्हणतात. दोन्हींत त एकच. थाओमध्ये मात्र ‘सात’ म्हणजे ‘पितु’, पण ‘डोळा’ या शब्दात त नसून वर वर्णिलेला घर्षक ध्वनी येतो. म्हणजे थाओ, टागालोग अशा भाषा जिच्यातून निघाल्या, त्या मूळ ऑस्ट्रोनेशियन भाषेत इथे दोन वेगळी व्यंजने होती, आणि तैवानबाहेरच्या भाषांत ती एकत्र मिसळली. असे पुरावे मुख्यतः तैवानच्या मूळनिवासी भाषांतूनच मिळतात. भाषाशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्लस्ट यांनी 2003मध्ये थाओचा विस्तृत कोश प्रसिद्ध केला, त्याचे मोल यामुळेच अधिक वाटते.

प्रश्न : रोमन लिपीत ‘एल’ आणि ‘एच’ जोडून लिहिला जाणारा ध्वनी आपल्या ‘कोल्हा’मधला ‘ल्ह’च ना?

उत्तर : नाही. ‘कोल्हा’ म्हणताना घशाशी बोट ठेवले, तर कंप जाणवतो. थाओमध्ये तो नसतो. जीभ ‘ल’च्या जागी ठेवून तिच्या कडांवरून नुसती हवा फुंकावी, म्हणजे साधेल. थाओचे ‘ब’ आणि ‘ड’ही आपल्यासारखे नाहीत, त्यांच्याआधी कंठ क्षणभर मिटतो. उल्हासनगरच्या सिंधीभाषकांच्या बोलण्यातील आत ओढलेला ‘ब’ ज्यांच्या कानावर आहे, त्यांना याची जवळपास कल्पना येईल. सिंधीच्या त्या ध्वनीसाठी देवनागरीत ‘ॿ’ हे वेगळे अक्षरही आहे.

प्रश्न : थाओमध्ये स्वर तीनच आहेत, ते कसे पुरतात?

उत्तर : अ-इ-उ या वळणाचे तीन स्वर अर्थभेदाला पुरतात. मात्र उर्दू ‘क़’सारख्या, घशाच्या अगदी मागून येणाऱ्या व्यंजनाच्या शेजारी ‘इ’ खाली उतरून ‘ए’कडे आणि ‘उ’ हा ‘ओ’कडे झुकतो, त्यामुळे नवख्या कानाला पाच स्वर आहेत असे वाटते.

प्रश्न : ही भाषा आज किती बोलली जाते?

उत्तर : अस्खलित बोलणारे मोजकेच वृद्ध उरले आहेत. 2001मध्ये तैवान सरकारने थाओंना स्वतंत्र मूळनिवासी समाज म्हणून मान्यता दिली, पण तोवर घराघरांत चिनी भाषा रुळली होती. मुले आता वर्गात शब्द शिकतात. माझ्या मते खरी अडचण शब्दांपेक्षा उच्चारांची आहे, कारण मँडरिनवर वाढलेल्या जिभेला दातांमधला घर्षक आणि कंपरहित ‘ल’ हे दोन्ही परके असतात.