भर मे महिन्यात जॅकेट

'मॅडम, वाईट संगत लागलीय त्याला,' कोथरूडहून माझ्याकडे समुपदेशनासाठी आलेली आई बसता बसताच म्हणाली. मुलगा 13 वर्षांचा. पहिलीपासून पोहणारा, पण दिवाळीपासून तलावाचं नावही काढत नव्हता. दार आतून लावून घ्यायचा, उलट बोलायचा, बाबांनी जवळ घेतलं तर अंग चोरायचा. मोबाइल तपासून झाला होता. त्यात काहीच सापडलं नाही, म्हणून काळजी आणखी वाढलेली. 'असा नव्हता हो तो.' हे वाक्य मी फार आयांकडून ऐकते.

तो आला तो जॅकेटची चेन गळ्यापर्यंत ओढून. पुण्यातला मे, दुपारचे 3. जॅकेटबद्दल मी काही विचारलं नाही. आम्ही पोहण्यावर बोललो. बटरफ्लाय कसा मारायचा ते त्याने हात हलवून दाखवलं. तिसऱ्या भेटीत मात्र खाली बघत, फुटलेल्या आवाजात म्हणाला, 'मला मुलींसारखं होतंय.'

स्तनाग्रांखाली गाठ आली होती, शर्ट घासला तरी दुखायची. तलावावर कपडे बदलताना पोरांनी चिडवलं होतं. आपल्याला कॅन्सर आहे, नाहीतर आपण मुलगाच नाही, असं त्याने मनाशी ठरवून टाकलं होतं. सहा महिने हे पोर एकटंच ते घेऊन झोपत होतं.

वयात येताना साधारण निम्म्या मुलांना असं होतं. इस्ट्रोजेन हे बायकांचं म्हणून ओळखलं जाणारं हार्मोन मुलांच्या शरीरातही असतं. या काळात टेस्टोस्टेरॉन या पुरुषी हार्मोनशी त्याचा तोल काही काळ बिघडतो. बहुतेकांची सूज 6 महिने ते 2 वर्षांत आपोआप उतरते. तरी बालरोगतज्ज्ञांना दाखवावं. गाठ भराभर वाढली, स्राव आला किंवा वयात येण्याआधीच दिसली, तर मुळीच थांबू नये. याला डॉक्टरांनी तपासून निर्धास्त केलं.

मुलीला पाळीबद्दल आई, मावशी, कुणीतरी सांगतं. मुलाला कोण सांगतं? आवाज फुटतो, झोपेत वीर्य जातं, आणि पोरं पहाटे उठून चादर लपवतात. याचा मला अजून राग येतो.

पुढच्या भेटीला मी बाबांना बोलावलं. सगळं ऐकून ते बराच वेळ गप्प बसले. मग मुलाकडे न बघताच म्हणाले, 'मलाही झालं होतं रे, नववीत. मी दोन-दोन बनियन घालून शाळेत जायचो.'

मुलाने मान वर केली. 'मग कधी गेलं, बाबा?'