महागडं सुटं कार्ड: खरं की नक्कल?

प्रश्न : फ्लीअर कंपनीच्या खेळाडू-कार्डांच्या १९८६-८७ च्या सेटमधलं बास्केटबॉलपटू मायकेल जॉर्डनचं रुकी (कारकिर्दीच्या सुरुवातीचं) कार्ड ऑनलाइन विक्रीला आहे. ग्रेडिंग केलेलं नाही, म्हणजे एखाद्या कंपनीने तपासून, दर्जाचा आकडा देऊन प्लास्टिकच्या डबीत बंद केलेलं नाही; सुटंच आहे. फोटो स्वच्छ आहेत, किंमत बाजारभावापेक्षा थोडी कमी. घ्यावं का?

आहे त्या फोटोंवर नको. नक्कल करणाऱ्यांचं हे फार आवडतं कार्ड आहे. चांगली नक्कल फोटोत चांगलीच दिसते, कारण पुठ्ठ्याची जात आणि छपाईचे ठिपके नेहमीच्या फोटोत उतरत नाहीत.

आधी विक्रेत्याकडून नवे फोटो मागवा. पुढची-मागची बाजू प्लास्टिकच्या बाहेर काढून, चारही कोपरे जवळून, कार्ड तिरपं धरून प्रकाश पृष्ठभागावर घसरताना, आणि एका फोटोत कार्डाशेजारी हाताने लिहिलेली आजची तारीख. कार्ड हातात असलेल्या माणसाला याला पाच-दहा मिनिटं लागतात. तो टाळाटाळ करत असेल किंवा पुन्हा तेच जुने फोटो पाठवत असेल, तर तिथेच थांबा. जाहिरातीतले फोटो इमेज सर्चमध्येही टाकून बघा; दुसऱ्याच्या जुन्या लिलावातून उचललेले फोटो असे सापडतात. जाहिरातीच्या मजकुरात ‘आरपी’ ही अक्षरं कुठेतरी बारीक दडलेली असतील, तर ते रीप्रिंट, म्हणजे नंतर पुन्हा छापलेलं कार्ड आहे. ‘आजोबांच्या पेटीत मिळालं, मला यातलं काही कळत नाही, परत घेणार नाही’ असं लिहिलेलं असेल, तर जोखीम सगळी तुमची, असं समजा.

पैसे देताना पेपॅलचा ‘फ्रेंड्स अँड फॅमिली’ पर्याय कधीही निवडू नका, विक्रेता कितीही सवलत देऊ करत असला तरी. त्यात खरेदीदाराला संरक्षण नसतं.

प्रश्न : कार्ड घरी आलं. आता घरच्या घरी काय तपासता येईल?

आमचा आग्रह एकाच गोष्टीचा आहे: महागडं कार्ड मागवण्याआधी त्याच सेटमधली तीन-चार साधी, स्वस्त कार्डं विकत घ्या. फ्लीअरच्या त्या सेटमध्ये १३२ कार्डं आहेत. जॉर्डन ५७ क्रमांकाचा. बाकीच्यांत फारशी किंमत नसलेले खेळाडू भरपूर आहेत. पुठ्ठा तोच, शाई तीच, चौकटीची रचना तीच. स्वस्त कार्डाची नक्कल करण्यात कुणाला पैसे मिळत नाहीत, म्हणून ते खरं असण्याची शक्यता खूप जास्त. पुढची प्रत्येक तपासणी या कार्डांशेजारी ठेवूनच करायची.

पहिलं साधन भिंग. दहा पट चालेल, तीस पट उत्तम. आधी फोटोचा भाग बघा. ऑफसेट छपाईत निळा, किरमिजी, पिवळा आणि काळा अशा चार शायांचे ठिपके बारीक फुलांसारख्या वर्तुळांत बसलेले दिसतात. मग काळ्या अक्षरांवर या. मूळ छपाईत अशी अक्षरं आणि बारीक रेषा बहुधा एकाच शाईच्या, भरीव असतात. आत ठिपके नाहीत, कडा स्वच्छ. नक्कल करणाऱ्याकडे मूळ प्लेट नसतात. तो अख्खं कार्ड स्कॅन करून पुन्हा छापतो, त्यामुळे अक्षरंही ठिपक्यांत फुटतात आणि त्यांच्या कडा केसाळ दिसतात. ठिपक्यांवर ठिपके चढले की सपाट रंगाच्या जागी जाळीसारखी नक्षीही उमटते. मात्र काही रंगीत पट्ट्या खऱ्या कार्डातही ठिपक्यांनीच बनलेल्या असतात, म्हणून नुसते ठिपके दिसले की नक्कल, असं ठरवू नका. तीच पट्टी, तेच बोधचिन्ह शेजारच्या साध्या कार्डावर कसं आहे, ते बघा.

दुसरं, टॉर्च. अंधारात कार्डामागे धरा आणि किती प्रकाश आरपार येतो ते दोन्ही कार्डांत ताडून बघा. पुठ्ठा वेगळा असेल तर फरक लगेच कळतो. तिसरं, ०.०१ ग्रॅम दाखवणारा वजनकाटा. साधी कार्डं आधी तोला. त्यांच्यातही थोडा फरक निघेल. महागडं कार्ड त्या टप्प्याच्या स्पष्ट बाहेर गेलं, तर शंका घ्या.

अतिनील दिवा सगळ्यात उपयोगी पडतो तो फार जुन्या कार्डांना. कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून घालायची चमकद्रव्यं दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात रुळली. त्यामुळे १९०९ ते १९११ मधलं टी-२०६ (त्या काळच्या बेसबॉल कार्डांच्या एका सेटचं नाव) कार्ड दिव्याखाली निळसर पांढरं झळाळलं, तर कागद त्या काळचा नाही. उलट मात्र धरू नका: न झळाळणारा जुना कागद नक्कल करणाऱ्यालाही मिळू शकतो.

कार्ड वाकवून बघणं, ओल्या बोटाने शाई चोळणं हे जुने सल्ले ऐकू नका. कार्ड खरं निघालं तर नुकसान तुमचंच, आणि परत करायची सोयही गेली. पाकीट उघडण्यापासूनचा सलग व्हिडिओ मात्र जरूर घ्या.

प्रश्न : आइस हॉकीपटू वेन ग्रेट्झकीच्या, कॅनडातल्या ओ-पी-ची कंपनीच्या १९७९-८० च्या कार्डाच्या कडा खरबरीत आहेत. नक्कल असेल का?

कडांवरून तरी नाही. त्या कॅनेडियन कार्डांचे गठ्ठे तारेने कापले जात, म्हणून कडा तुसासारख्या. चारही कडा सुरीने कापल्यासारख्या गुळगुळीत असत्या, तर जास्त काळजी वाटली असती. त्याच वर्षीच्या, टॉप्स या अमेरिकी कंपनीच्या आवृत्तीच्या कडा स्वच्छ असतात; दोन्ही आवृत्त्यांत ग्रेट्झकीचा क्रमांक १८ च, तेव्हा गल्लत करू नका.

प्रश्न : छपाई खरी वाटते, पण कार्ड किंचित लहान आहे.

कडा छाटून कोपरे टोकदार केले असण्याची शक्यता आहे. कार्ड खरं, पण किंमत बरीच उतरते. आधी त्या सेटचं मूळ माप माहीत हवं. आजचं नेहमीचं माप अडीच बाय साडेतीन इंच, म्हणजे ६३.५ बाय ८८.९ मिलिमीटर. टॉप्सची १९५२ ची कार्डं याहून मोठी आहेत, २ ५/८ बाय ३ ३/४ इंच. १९८३ साली टॉप्सने त्यांची पुनर्मुद्रणं काढली ती नेहमीच्या मापात. म्हणजे बेसबॉलपटू मिकी मँटलचं ‘१९५२ चं’ कार्ड अडीच इंच रुंद असेल, तर भिंग काढायचीही गरज नाही.

कारखान्यातही कापणीत थोडं कमीजास्त होतं, तेव्हा कडा बघा. कार्ड दोन साध्या कार्डांच्या मधे धरा. तीन कडा जुनाट, मळकट आणि एकच ताजी पांढरी असेल, किंवा कड कोपऱ्याशी हुकासारखी वळत असेल, तर ती छाटलेली समजा.

प्रश्न : मग ग्रेडिंग झालेलंच घेतलं तर निर्धास्त?

धोका पुष्कळ कमी होतो, संपत नाही. पीएसए या ग्रेडिंग कंपनीने अगदी सुरुवातीला ग्रेड केलेलं, बेसबॉलपटू होनस वॅग्नरचं प्रसिद्ध टी-२०६ कार्ड दहापैकी ८ ग्रेड घेऊन बसलं होतं. ते छाटलेलं होतं, हे बिल मास्ट्रो या लिलावकर्त्याने २०१३ मध्ये कबूल केलं. बनावट स्लॅबही (ग्रेड केलेलं कार्ड बंद करायच्या लेबल लावलेल्या डब्या) फिरतात. लेबलवरचा प्रमाणपत्र क्रमांक कंपनीच्या साइटवर टाका आणि तिथे फोटो असेल तर कोपऱ्यांवरचे डाग, छपाईचं मध्यभागी बसणं हातातल्या कार्डाशी जुळवा. नुसता क्रमांक सापडला म्हणून पुरत नाही, कारण खऱ्या कार्डाचा क्रमांकच नकली लेबलवर उचललेला असतो.

सुटं कार्ड घेतलंच, तर परत करायची मुदत संपण्याआधी वरच्या तपासण्या उरका आणि मग ते ग्रेडिंगला पाठवा. पीएसएकडून ग्रेडऐवजी शेरा आला, तर ‘एन-१’ म्हणजे छाटल्याच्या खुणा, ‘एन-३’ म्हणजे रंग भरल्याच्या, आणि ‘एन-४’ म्हणजे अस्सलपणाबद्दलच शंका.