अळिंबीने साखर उतरते का? पाकिटावर काय लिहावे?

प्रश्न: आम्ही धिंगरी अळिंबी (ऑयस्टर मशरूम) पिकवतो. ‘मधुमेहावर गुणकारी’ असे पाकिटावर छापावे का? घरात आईला मधुमेह आहे. तिला अळिंबीची पावडर रोज दिली तर गोळ्या बंद करता येतील का?

उत्तर: आधी आईंबद्दल. गोळ्या बंद करू नका. अळिंबी हे उत्तम अन्न आहे, पण ते औषध नाही.

तिचा उपयोग होतो तो असा. ताज्या अळिंबीत सुमारे 90 टक्के पाणी असते आणि 100 ग्रॅममध्ये कर्बोदके जेमतेम 3 ते 6 ग्रॅम. तेवढ्याच शिजलेल्या भातात ती 28 ग्रॅमच्या आसपास भरतात. म्हणून ताटातला भात किंवा बटाटा थोडा कमी करून त्या जागी अळिंबी वाढली, तर जेवणानंतर साखर कमी चढते. नेहमीचे सगळे जेवून वर अळिंबी खाल्ली, तर हा फायदा हाती लागत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे बीटा-ग्लुकन आणि कायटिन हे तिच्या पेशीभित्तिकेतले तंतू. बीटा-ग्लुकनचा विरघळणारा भाग आतड्यात दाटसर होतो आणि साखर रक्तात हळूहळू मिसळते. शिजवल्याने हे तंतू नष्ट होत नाहीत, त्यामुळे अळिंबी शिजवूनच खावी. तळली तर मात्र ती तेल भरपूर पिते.

साखर उतरल्याचे बरेचसे प्रयोग उंदरांवर झालेले आहेत. माणसांवरचे प्रयोग थोडे आणि लहान आहेत. तेवढ्या बळावर पाकिटावर दावा छापणे मला पटत नाही. एखाद्या ग्राहकाने तुमच्या शब्दावर विसंबून इन्सुलिन सोडले तर त्याच्या जिवावर बेतेल. ‘तंतुमय, कमी उष्मांकांचे’ असे लिहा. ते खरे आहे. अर्क आणि पावडरीबाबत आणखी जपा. औषधासोबत त्या घेतल्या तर साखर जास्त खाली जाण्याचा धोका राहतो, म्हणून डॉक्टरांना विचारूनच द्या. मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांनी पोटॅशियममुळे किती खावी तेही विचारून घ्यावे.

आजारी माणूस खाणार असेल तर अळिंबी ज्यावर वाढवता ते काड (पेंढा) निर्जंतुक करताना बुरशीनाशक आणि फॉर्मॅलिनऐवजी गरम पाणी वापरा: 80 अंश सेल्सिअसला तासभर. मेहनत आणि इंधन वाढते हे खरे, पण रसायनाच्या अवशेषाची काळजी उरत नाही. काड कुठून आणता तेही पाहा; अळिंबी कॅडमियमसारखे जड धातू शोषून घेते. टोपीची कड वर वळण्याआधी काढणी करा. उशीर झाला की बीजाणू (अळिंबीची धुळीसारखी बारीक बीजे) उडतात आणि खोलीत काम करणाऱ्यांना खोकला, दमा होतो, म्हणून मास्क लावाच.

रानातली अळिंबी मात्र या कामी मुळीच आणू नका. काही विषारी जातींचे विष शिजवूनही जात नाही. उलट्या-जुलाब सुरू व्हायला 6 ते 12 तास लागतात आणि तोवर यकृताला इजा होऊ लागलेली असते.