क्रिएटिनिन वाढलेलं असताना डायचं सीटी स्कॅन करावं का?

तुम्ही लिहिलंय की आईचं क्रिएटिनिन (किडनी नीट गाळत नसली की रक्तात साठणारा घटक) तीन दिवसांत १.१ वरून २.३ वर गेलंय, पोटात पू झाल्याचा संशय आहे, सर्जन कॉन्ट्रास्ट सीटी, म्हणजे आतले भाग उठून दिसावेत म्हणून शिरेतून डाय देऊन केलेलं सीटी, करा म्हणतात आणि काका ‘डायने किडनी जाते’ म्हणून अडून बसलेत. मी सीटीवरचा टेक्निशियन. निर्णय डॉक्टरांचाच, पण असे काका मला दर आठवड्याला भेटतात, म्हणून लिहितोय.

काकांची भीती अगदीच हवेतली नाही. पूर्वीची डाय आजच्यापेक्षा किडनीला जड होती. शिवाय डायनंतर क्रिएटिनिन वाढलं की खापर डायवरच फुटायचं. पुढे डाय न दिलेल्या रुग्णांशी तुलना झाली, तेव्हा दिसलं की ॲडमिट असलेल्या आजारी माणसाचं क्रिएटिनिन तसंही वरखाली होतं. २०२० साली अमेरिकेतल्या रेडिओलॉजी आणि किडनीच्या संस्थांनी मिळून सांगितलं की धोका समजत होतो त्याहून कमी आहे. जपायचं ते मुख्यतः ईजीएफआर (किडनी किती गाळते याचा क्रिएटिनिनवरून काढलेला अंदाज) ३०च्या खाली असलेल्यांना आणि ज्यांच्या किडनीला नुकताच मार बसलाय त्यांना.

आई या दुसऱ्या गटातली. म्हणून रिपोर्टवरच्या ईजीएफआरवर सध्या विसंबू नका. क्रिएटिनिन एका जागी स्थिर असेल तरच तो आकडा खरा. ते चढत असताना किडनीची अवस्था कागदावर दिसते त्याहून वाईट असते. लघवी किती होतेय, ते रोज लिहून ठेवा.

सर्जनना एवढंच विचारा: डायशिवाय भागेल का? मुतखडा बघायचा असता तर साधं सीटी पुरलं असतं. पण पू कुठवर पसरलाय, आतड्याला रक्त पोचतंय का, हे डायविना नीट कळत नाही. आणि पू तसाच राहिला तर त्या इन्फेक्शननेच किडनी आणखी खचेल.

करायचं ठरलं तर बहुधा आधी आणि नंतर काही तास सलाईन लावतील. हार्ट कमजोर असेल किंवा पायावर सूज असेल तर ते आधीच सांगा. ‘भरपूर पाणी पाजा’ हा शेजाऱ्यांचा सल्ला तिथे अंगाशी येतो. शुगरसाठी मेटफॉर्मिन चालू असेल तर तेही सांगा. अशा वेळी ते थांबवतात आणि ४८ तासांनी किडनी तपासूनच परत सुरू करतात. क्रिएटिनिन दोन-तीन दिवसांनी पुन्हा बघतीलच.

आणि पोटदुखीवर मेडिकलमधून आणलेल्या त्या डायक्लोफिनॅकच्या गोळ्या, ज्यांचा तुम्ही जाता जाता उल्लेख केलाय, त्या डॉक्टरांना सांगितल्यात का? ही वेदनाशामकं किडनीला मार देऊ शकतात. नसतील तर आजच सांगा, आणि तोवर एकही देऊ नका.